सतरा जणांचे डोळे

लग्नाचा अल्बम घरी आला की पहिलं पान उलटायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "शालूचा रंग असा नव्हता हो." म्हणणारी बहुधा नवऱ्या मुलीची काकू असते. तिचं म्हणणं खोडून काढायला कुणी धजत नाही, कारण शालूच्या खरेदीला ती दुकानात हजर होती आणि फोटो काढणारा नव्हता. मग चौकशी समिती बसते. फोटोग्राफर म्हणतो, "माझ्या स्क्रीनवर बरोबर होता, लॅबनं वाट लावली." लॅबवाला म्हणतो, "फाइल आली तशी छापली." मुलाकडचे एक इंजिनिअर न विचारता सांगतात, "व्हाइट बॅलन्सचा लोचा आहे." आणि जो मुख्य आरोपी, तो मॉनिटर, स्टुडिओतल्या टेबलावर पूर्ण ब्राइटनेसमध्ये लखलखत उभा असतो. त्याला साधं साक्षीलासुद्धा कुणी बोलावत नाही.

"तू काढतोसच तर आमचेही काढ" या तत्त्वावर नात्यातल्या लग्नामुंजींचे फोटो काढणारे आमच्यासारखे हौशी लोक या खटल्यांना कधीतरी कंटाळतात आणि ठरवतात की आता एडिटिंगसाठी चांगला मॉनिटर घ्यायचा. इथपर्यंत माणूस सुखी असतो.

मुंबईत ही खरेदी म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावानं पत्ता विचारणाऱ्याला ग्रँट रोड स्टेशनाबाहेर दोघातिघांना तरी गाठावं लागतं. दुकानात मॉनिटर ओळीनं मांडलेले असतात आणि सगळ्यांवर एकाच थाटाचा व्हिडिओ चालू असतो. एक लालभडक परदेशी पोपट, कापलेलं किवी, पानावरून घरंगळणारा दवबिंदू, आणि विनाकारण हवेत उधळलेला गुलाल. माणसाचा चेहरा मात्र क्वचितच. यात धोरण आहे. पोपटाचा लाल इकडचा तिकडे झाला तर पोपट तक्रार करत नाही. माणसाच्या गालाचा रंग किंचित पिवळा झाला की बघणारे विचारतात, "कावीळ झाली होती का त्या दिवशी?"

"काम काय करणार, साहेब?" दुकानदार विचारतो.

"फोटो एडिटिंग."

"मग हाच घ्या. एकशे पासष्ट हर्ट्झ, एक मिलीसेकंद."

हे आकडे गेम खेळणाऱ्यांच्या उपयोगाचे. फोटो हा मुळातच न हलणारा पदार्थ आहे. मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम झालेला नवरदेव सेकंदाला १६५ वेळा दाखवला म्हणून तो जास्त आनंदी दिसत नाही. हे समजावून सांगितलं की दुकानदार वक्र पडद्याकडे वळतो. वक्र पडद्यावर मंडपाचा खांब सरळ आहे की तिरका हे ठरवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात दुसरा मंडप उभा राहतो. तोही नको म्हटलं की दुकानदाराचा चेहरा पडतो. त्याच्या मते आपण गिऱ्हाईक नसून परीक्षक आहोत.

खरी निवड पॅनेलच्या जातीत असते. टीएन जातीचा मॉनिटर स्वस्त. त्याच्यासमोर मान जरा वर केली की फोटो फिका, खाली घातली की काळा. नवरी किती उजळ दिसणार हे तिच्या वर्णावर नाही, एडिट करणाऱ्याच्या खुर्चीच्या उंचीवर ठरतं. व्हीए जातीचा काळा रंग खरोखर काळा असतो, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, पण बाजूला सरकलं की सावलीतले तपशील रूप पालटतात. तिसरी जात आयपीएस. हिताची कंपनीनं ती १९९६ साली बाजारात आणली. तिचा काळा थोडा राखाडीकडे झुकतो, कॉन्ट्रास्टही साधारण १०००:१ एवढाच, पण दोघांनी शेजारी बसून पाहिलं तरी दोघांना रंग जवळपास सारखाच दिसतो. घरातल्या दोन माणसांना एकच गोष्ट सारखी दिसावी अशी सोय करून देणारं दुसरं यंत्र माझ्या माहितीत नाही. फोटोसाठी आयपीएस घ्यावा, एवढं एक वाक्य पाठ करून गेलात तरी निम्मी लढाई जिंकलीत.

उरलेली निम्मी लढाई खोक्यावरच्या मजकुराशी. तिथे "१.६७ कोटी रंग" असं ठळक छापलेलं असतं. लाल, हिरवा, निळा या तिघांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, त्यांचा गुणाकार म्हणजे १,६७,७७,२१६. याला ८ बिट म्हणतात. पण काही स्वस्त पॅनेल आतून ६ बिटच असतात. त्यांच्याकडे रंग फक्त २,६२,१४४. मधले रंग ते शेजारचे दोन रंग भराभर आलटून पालटून दाखवून भासवतात. या हातचलाखीला एफआरसी म्हणतात. खोक्यावर मात्र आकडा कोटीतच. हे धड खोटं नाही आणि पुरतं खरंही नाही, लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखं.

पुढची ओळ असते "७२ टक्के एनटीएससी". हे वाचून बिचारा ग्राहक ७२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असं समजून खूश होतो. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं मानक. तो टीव्ही गेला, त्याच्या नळ्या गेल्या, ते प्रक्षेपणही गेलं, पण टक्केवारी मागे उरली. यातलं ७२ टक्के म्हणजे आजच्या एसआरजीबी या रंगपट्ट्याएवढं क्षेत्र. एसआरजीबी हा एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली सुचवलेला, आणि आजही इंटरनेटपासून लॅबपर्यंत चालणारा रंगांचा किमान समान कार्यक्रम.

त्याहून मोठा पट्टा अ‍ॅडोबी आरजीबीचा. त्याची जन्मकथा मला फार आवडते. १९९८ साली फोटोशॉप ५ मध्ये टीव्हीच्याच एका मानकाचे आकडे घालताना गफलत झाली आणि भलतेच आकडे गेले. वापरणाऱ्यांना तो चुकलेला पट्टा छपाईसाठी सोयीचा वाटला. दुरुस्तीचे प्रयत्न करून झाल्यावर कंपनीनं चूक तशीच ठेवली, तिला स्वतःचं नाव दिलं आणि पुढे साल जोडलं. आज त्याच चुकीचं ९९ टक्के पालन करणारे मॉनिटर दुप्पट किमतीला विकले जातात.

या मोठ्या पट्ट्यातली जादा जागा मुख्यतः हिरव्या आणि निळसर हिरव्या बाजूला आहे. म्हणजे ज्या मोहल्ल्यात आपला मोरपंखी राहतो तिथे. पैठणीचे काठ नीट दिसावेत म्हणून मोठ्या पट्ट्याचा मॉनिटर घ्यावा, असा मोह होतोच. मग कळतं की अल्बमवाल्या बहुतेक लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात. मोरपंखी तुमच्या मॉनिटरवर थाटात नांदतो आणि लॅबच्या उंबरठ्यावर त्याची पिसं काढून घेतली जातात. शिवाय असा मॉनिटर रंगव्यवस्थापन न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तावडीत सापडला तर सगळंच भडक करून दाखवतो. हळदीच्या कार्यक्रमातल्या बायका उजेड फेकत असल्यागत दिसतात आणि भटजींचे गाल शेंदरी होतात. त्यावर उपाय म्हणून मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो. म्हणजे मोठ्या पट्ट्याचे पैसे द्यायचे आणि बटण दाबून तो लहान करायचा.

एवढं करून मॉनिटर घरी येतो. खोक्यात एक कागद असतो, त्यावर आलेख आणि "डेल्टा ई २ पेक्षा कमी" असं प्रमाणपत्र. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसलेला रंग यांतलं अंतर. साधारण १ च्या आसपासचा फरक माणसाच्या डोळ्याला जेमतेम कळतो असं मानतात. अर्थात हे सर्वसामान्य माणसाबद्दल. काकूंना अर्ध्याचाही कळतो, आणि तोही समोर साडी नसताना, नुसत्या आठवणीवर.

इथे थांबून एक विचारायला हवं. रंग "बरोबर" आहे हे ठरवतं कोण? मॉनिटर, कॅमेरे, प्रिंटर, शाई, सगळ्यांचं रंगगणित शेवटी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं १९३१ साली ठरवलेल्या "प्रमाण निरीक्षका"पाशी जाऊन पोचतं. हा निरीक्षक म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट यांनी दहा आणि गिल्ड यांनी सात जणांना एकेक करून बसवलं, तीन रंगांचे उजेड मिसळून समोरच्या रंगाशी जुळवायला सांगितलं आणि नोंदी घेतल्या. त्या सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी म्हणजे प्रमाण निरीक्षक. जगभरातल्या पडद्यांवरचा डाळिंबी, आमसुली, अबोली आणि चिंतामणी बरोबर आहे की नाही, हे अजूनही मुख्यतः त्या सतरा जणांना विचारून ठरतं. त्यांच्यात शालू खरेदीचा अनुभव असलेलं कुणी असण्याची शक्यता फारच कमी.

याउलट आपल्याकडची पद्धत पाहा. पुण्यात लक्ष्मी रोडवर साडी निवडताना बाई ट्यूबलाइटखालचा रंग मान्यच करत नाही. "जरा उजेडात बघू द्या," म्हणते आणि साडी घेऊन दुकानाच्या दारापर्यंत येते. मॉनिटर जुळवताना पांढऱ्या रंगासाठी जे लक्ष्य ठेवतात, त्याला डी६५ म्हणतात, सुमारे ६५०० केल्विन. ते आहे दिवसाचा उजेडच. आयोगानं ज्याला नाव आणि क्रमांक दिला तो दाखला आपल्या बायका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून रोज काढतात, तोही फुकट. एकच साडी दुकानात, दारात आणि हॉलमधल्या जांभळट एलईडी झोतात तीन रंगांची दिसते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. काकूंचं म्हणणं म्हणूनच उडवून लावता येत नाही. त्यांनी शालू दारात पाहिलेला असतो, कॅमेऱ्यानं स्टेजवर.

तर असा मॉनिटर जुळवायचा, म्हणजे कॅलिब्रेट करायचा. त्यासाठी कलरीमीटर नावाचं मुठीएवढं यंत्र मिळतं. किंमत बरेचदा साध्या मॉनिटरहून जास्त. आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा, मग यंत्र वायरीनं पडद्याच्या मधोमध लोंबकळत सोडायचं. सॉफ्टवेअर विचारतं, पांढरा कुठला? ६५००. गॅमा किती? २.२. उजेड किती? इथे १०० ते १२० नीट (नीट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असं लिहायचं. मग पडद्यावर रंगांचे चौकोन येऊ लागतात. काळा, करडा, अजून करडा, लाल, पुन्हा करडा. घरातली माणसं जाता येता बघतात. "काय चाललंय?" "रंग मोजतोय." "बरं." या "बरं"मध्ये बरंच काही असतं.

शेवटी प्रोफाइल तयार होतं. आयसीसी प्रोफाइल म्हणजे काही जादू नव्हे. आपला मॉनिटर कुठे, किती आणि कोणत्या बाजूला चुकतो याचं ते लेखी निवेदन. फोटोशॉप किंवा लाइटरूमसारखं शहाणं सॉफ्टवेअर ते वाचतं आणि तेवढी भरपाई करून रंग दाखवतं. बाकीची कित्येक सॉफ्टवेअरं ते वाचतच नाहीत, सोसायटीच्या फलकावर सूचना लावूनही गाड्या जिथे लागायच्या तिथेच लागतात तशातली गत.

आता "आधी" आणि "नंतर" दाखवणारं बटण येतं. हे बटण घरच्यांसमोर कधीही दाबू नये. कारण "आधी" म्हणजे झगझगीत, निळसर, धुऊन वाळत घातल्यासारखा पांढरा. "नंतर" म्हणजे मंद आणि पिवळट. "अहो, पैसे देऊन हे असं केलंत? आधीचंच छान होतं की," हा निकाल जागच्या जागी लागतो. त्यावर अपील नाही. तरी दोन दिवस धीर धरला तर डोळे सरावतात आणि तोच पिवळट पडदा शुभ्र वाटू लागतो. डोळा फार मिळवून घेणारा अवयव आहे. ज्या उजेडात ठेवाल त्यातल्या पांढऱ्याला तो पांढरा मानतो. म्हणून तर मोजायला यंत्र लागतं. इतक्या समजूतदार साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

खरी पंचाईत त्या १०० नीटशी आहे. नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर येतो तो २५० किंवा ३०० नीटचा उजेड पाडत, कारण दुकानात शेजाऱ्यापुढे फिका पडला तर तो खपत नाही. त्या उजेडात एडिट केलेला फोटो आपल्याला फार उजळ वाटतो, म्हणून आपण तो खाली आणतो. कागदाला मात्र स्वतःचा दिवा नसतो. खोलीतला उजेड परत फेकण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. परिणामी अल्बम काळवंडलेला येतो आणि लॅबवाल्याचा उद्धार होतो. "प्रिंट डार्क आली" या तक्रारींच्या मुळाशी बरेचदा शाईही नसते आणि कागदही नसतो, ब्राइटनेसचं बटण असतं. ते खाली करायला कलरीमीटर लागत नाही. एक कोरा कागद पडद्याशेजारी खोलीतल्या उजेडात धरायचा आणि पडद्यावरचा पांढरा कागदाइतका शांत होईपर्यंत बटण दाबत राहायचं. काम भागतं.

त्यानंतर खोली. रंगाचं काम करणाऱ्यांची खोली करड्या भिंतींची, मंद आणि स्थिर उजेडाची असावी असं शास्त्र सांगतं. मराठी घरात भिंतींचा रंग हा वेगळा आणि अधिक गंभीर विषय आहे. हॉलमध्ये एक भिंत पोपटी करून घेतलेली असते आणि तिचा उजेड पडद्यावर पडतो. मग फोटोतला प्रत्येक चेहरा आपण नकळत गुलाबीकडे ओढतो. देवघरातला लाल झिरोचा दिवा, खिडकीबाहेर समोरच्यांनी गणपतीत लावलेली आणि दिवाळीनंतरही न उतरवलेली एलईडीची माळ, आणि स्वतःच्या अंगातला केशरी टीशर्ट, हे सगळे या एडिटिंगमध्ये आपापला वाटा उचलतात. भिंत करडी करू या असं सुचवलं तर "घर आहे की स्मशान" हे उत्तर तयार असतं. पडदा ओढून घेणं आणि टीशर्ट बदलणं एवढंच आपल्या अधिकारात येतं.

आणि मग फोटो तयार होतो. पांढरा म्हणजे पांढरा, मोगरा म्हणजे मोगरा, नवरीचा गव्हाळ रंग जसाच्या तसा. तो आपण व्हॉट्सअ‍ॅपवर फॅमिली ग्रुपला पाठवतो. तिथे आधी तो दाबून लहान केला जातो. मामांच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड दिवसाही चालू असतो. मावशींच्या फोनवर "व्हिव्हिड" मोड आहे, त्यामुळे त्यांना सगळंच "काय सुंदर कलर आलेत गं" असं दिसतं. आत्याच्या फोनची काच तडकलेली आहे आणि तडा नेमका नवरदेवाच्या नाकावरून जातो. अर्ध्या तासात कुणीतरी त्याच फोटोवर फिल्टर लावून, कडेला गुलाब घालून तो परत पाठवतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त अंगठे मिळतात.

फोन सारखे केले तरी डोकी सारखी होत नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याचा फोटो जगभर फिरला. काहींना झगा निळाकाळा दिसत होता, काहींना पांढरासोनेरी. एकाच पडद्यासमोर शेजारी बसलेली माणसं हमरीतुमरीवर येत होती. झगा प्रत्यक्षात निळाकाळाच होता. फोटोतला उजेड कसला, याचा अंदाज ज्याच्या त्याच्या मेंदूनं परस्पर बांधला होता आणि त्यावरून रंग ठरवला होता. मेंदूला लोंबकळत सोडायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? तर त्याला एक रोकडं कारण आहे. बाकीच्या सगळ्यांचे पडदे वेगवेगळ्या दिशांना चुकतात, कुणाचा पिवळा, कुणाचा निळा, कुणाचा अंधारा. आपला फोटो मधोमध असेल तर प्रत्येकाकडे तो थोडाथोडाच चुकतो. पण आपलाच मॉनिटर निळा असेल तर आपण भरपाई म्हणून फोटोत पिवळा ओततो, तो मामांच्या पिवळ्या फोनवर जातो आणि सगळं लग्न हळदीचं होतं. कॅलिब्रेशननं सगळ्यांना खरा रंग दिसत नाही. आपल्या हातून जाणारी चूक तेवढी वजा होते. सतरा जणांच्या सरासरीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

तेव्हा मॉनिटर घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं असं. बजेटमधून आधी कलरीमीटरचे पैसे बाजूला काढा, किंवा चारपाच मित्रांत मिळून एक घ्या. तो रोज लागत नाही, महिन्यातून एकदा पुरतो. उरलेल्या पैशांत ८ बिटचा, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा आयपीएस घ्या. मोठा पट्टा मोठ्या पट्ट्यात छापून देणारी लॅब सापडल्यावर बघू. अख्खा अल्बम छापायच्या आधी चारच फोटो छापून आणा आणि ते दिवसाच्या उजेडात पडद्याशी ताडून पाहा. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान आज ब्राइटनेस निम्म्यावर आणा. त्याला पैसे पडत नाहीत आणि लॅबवाल्याला पडणाऱ्या शिव्या वाचतात.